शिस्त, माशी आणि दुर्बीण

आज 'शिस्त' म्हटले की रांगेत उभी असलेली शाळकरी मुले किंवा पक्षाच्या बैठकीतली तंबी आठवते. जुन्या मराठीत मात्र शिस्त धरावयाची ती बंदुकीची. फारसीतल्या 'शस्त' या शब्दाचे मूळ नाते अंगठ्याशी आहे. तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात जे कडे घालीत त्यालाही तेच नाव होते. धनुष्य मागे पडले, बंदूक आली, शब्द तेवढा तग धरून राहिला आणि त्याचा अर्थ 'नेम' असा झाला. 'शिस्त बांधून गोळी मारिली' ही बखरींच्या वळणाची भाषा आहे. पुढे बंदूक सामान्यांच्या हातून गेली, नेमही गेला, आणि शिस्त मात्र वर्गात येऊन बसली. तिच्या जोडीचा दुसरा शब्द 'माशी'. नळीच्या टोकाशी असलेला बारीक उंचवटा म्हणजे माशी, आणि डोळ्याच्या बाजूची ती खाच. खाच, माशी आणि सावज ही तिन्ही एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे.

या रेषेत एक मूळचीच अडचण आहे. डोळ्याला एका वेळी एकच अंतर लख्ख दिसते. वीतभर पुढची खाच, हातभर पुढची माशी आणि शंभर पावलांवरचे जनावर यांपैकी एकावर नजर ठरवली की उरलेली दोन धूसर होतात. वस्तादाने शिकवायचे ते इतकेच, की माशी लख्ख पाहा, बाकीचे धूसर राहू दे. बंदुकीवर दुर्बीण चढवण्याची कल्पना निघाली ती या अडचणीतून. लांबचे मोठे दिसावे हा दुर्बिणीचा लाभ सर्वांना ठाऊक असतो. तिचा खरा लाभ वेगळा आहे. ती सावज आणि फुली या दोन्ही गोष्टी डोळ्यापुढे एकाच पातळीवर आणून ठेवते, आणि मग नजरेला निवड करावी लागत नाही.

हा विषय साहित्याच्या अध्यापकांनी हाती घ्यावा याला निमित्त झाले ते चकलांब्याचे. गेवराई तालुक्यातले हे गाव आम्हांपैकी दोघांना विद्यार्थ्यांमुळे परिचयाचे. तिथल्या एका माजी विद्यार्थ्याने छऱ्याची रायफल घेतली आणि आम्हांला विचारले, की शिकारीला चालेल आणि सहज नेम मारायलाही चालेल अशी दुर्बीण कोणती घ्यावी. आमच्यापैकी एकाने महाविद्यालयीन दिवसांत एनसीसीत पॉइंट टू टूची रायफल चालवली होती, एवढेच आमचे भांडवल. (मराठीच्या प्राध्यापकाला कोणताही प्रश्न विचारता येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती आम्हीही कधी खोडून काढलेली नाही.) शिकारीचा भाग आम्ही तिथल्या तिथे कापून टाकला, त्याचे कारण पुढे येईल. परंतु उरलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे लक्षात आले, की बंदुकीवरच्या दुर्बिणीचा इतिहास आपल्या दख्खनी माळाला अगदीच परका नाही, आणि माळावरच्या शिकारीचा इतिहास मुळात अंतराचाच इतिहास आहे.

घनदाट अरण्यात शिकारी आणि जनावर यांच्यामध्ये झाडे असतात. तिथे मचाण बांधता येते, हाकारे घालून जनावर समोर आणता येते. गोदावरी आणि सिंदफणा यांच्या मधल्या उघड्या प्रदेशात यांतले काही चालत नाही. इथले प्रमुख सावज काळवीट. त्याची नजर तीक्ष्ण, पळ ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरांचा, आणि चरण्याची जागा अशी, की चारी दिशांना कोस-कोस दिसावे. कळपातल्या एका मादीने मान उचलली की सारा कळप सावध होतो. प्रश्न मारण्याचा नव्हता, जवळ जाण्याचा होता. तो प्रश्न माळावरच्या माणसांनी कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे.

पारध्यांनी तो बैलाच्या आडून सोडवला. शिकवलेला बैल किंवा गाय पुढे घालायची, तिच्या खांद्याआड वाकून चालायचे, ती चरत-थबकत चालली की आपणही थबकायचे. हरणाला माणसाची भीती, गुराची नाही. अशा रीतीने कळपाच्या बाजूला पोहोचून तातीचे फासे अंथरायचे आणि मग दुसऱ्या अंगाने कळप हळूच त्यांवर ढकलायचा. फासेपारधी हे नाव त्यातूनच आले. यात घाई करणाऱ्याला काही मिळत नसे. सबंध सकाळ अर्ध्या कोसासाठी खर्च होई. चित्त्याची शिकार ही या युक्तीचीच श्रीमंत बहीण. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून गाडी कळपाकडे तिरकी-तिरकी न्यायची. गाडीला हरणे बुजत नाहीत, कारण शेतकऱ्याच्या गाड्या ती रोज पाहतात. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढायची. चित्त्याला दम फार नसतो, काही शे यार्डांत तो थकतो. म्हणजे त्या शिकारीतही सगळी कला गाडीवानाची. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत, त्यात चित्त्याची शिकारही आहे. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकात, इथले चित्ते संपत आल्यावर, आफ्रिकेतून चित्ते आणून ही परंपरा चालू ठेवली गेली. चितेपारधी हे नाव आता उरले आहे ते केवळ जातीच्या दाखल्यावर.

मराठीतल्या पहिल्या महत्त्वाच्या गद्यग्रंथातल्या बऱ्याच लीळा ज्या मुलखात घडल्या तोही हाच गोदाकाठ. 'लीळाचरित्रा'त पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन दडतो आणि ते त्याला पारध्यांच्या हाती देत नाहीत, ही लीळा सर्वांना परिचित आहे. वर्गात शिकवताना आपण तिच्याकडे अहिंसेचे उदाहरण म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. पारधी तिथे प्रत्यक्ष येऊन पोहोचतात, समोर उभे राहतात, बोलतात. मारणारा, मरणारा आणि वाचवणारा असे तिघे हाताच्या अंतरावर आहेत. म्हणून तर संवाद होऊ शकतो. तीनशे यार्डांवरून सुटलेल्या गोळीशी कोण बोलणार?

आता दुर्बिणीकडे येऊ. बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाले. १८४० च्या दशकात जॉन चॅपमन या अभियंत्याने अमेरिकन रायफलीवर लिहिलेल्या पुस्तकात नळीइतक्याच लांब दुर्बिणीचे वर्णन आढळते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे नाव डेव्हिडसनचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला हा स्कॉटिश अधिकारी. हिंदुस्थानातल्या नोकरीत हरणांच्या शिकारीसाठी त्याने रायफलीवर दुर्बीण वापरून पाहिली, आणि मायदेशी परतल्यावर क्रिमियन युद्धाच्या सुमारास ती सैन्याने स्वीकारावी असा आग्रह धरला. ब्रिटिश सैन्याने त्याचे ऐकले नाही. ऐकले ते अटलांटिकपलीकडे, अमेरिकेच्या यादवी युद्धात. दक्षिणेच्या सैन्यातले निवडक नेमबाज इंग्लंडहून आणलेल्या व्हिटवर्थ रायफली वापरीत. त्यांतल्या काहींच्या डाव्या बाजूला डेव्हिडसनची दुर्बीण बसवलेली असे. हिंदुस्थानातल्या हरणांवर सुरू झालेली गोष्ट अशी काही दशकांत माणसांवर जाऊन पोहोचली.

हे उलटसुलट येणे-जाणे पुढेही चालूच राहिले. दूरवरून दडून मारणाऱ्या सैनिकाला इंग्रजीत 'स्नायपर' म्हणतात, तो शब्दही हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अठराव्या शतकातील पत्रांतून आलेला. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. चिखलात मिसळून जाणारा, अचानक वाकडातिकडा उडणारा हा पक्षी टिपणे फार कठीण. त्याच्या शिकारीला ते 'स्नायपिंग' म्हणत. जर्मनभाषक प्रदेशांत वनाधिकाऱ्यांनी दुर्बीण शिकारीसाठी सुधारली. १८८० साली ऑस्ट्रियात आउगुस्ट फिडलर या वनाधिकाऱ्याने उपयोगी पडेल अशी दुर्बीण तयार केली. पहिले महायुद्ध खंदकांत अडकले तेव्हा जर्मन सैन्याने हौशी शिकाऱ्यांकडूनच त्यांच्या दुर्बिणीच्या रायफली गोळा केल्या आणि त्या आघाडीवर पाठवल्या. शिकारीची दुर्बीण आणि युद्धाची दुर्बीण अशा दोन जाती कधी नव्हत्याच.

मग इथल्या शिकाऱ्यांनी ती उचलून धरली का? फारशी नाही, आणि ही बाब आम्हांला विशेष वाटते. मध्य प्रांतात काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६३ साली शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याची सारी चिंता नळीचा व्यास, दारूचा भार आणि गोळीचा सपाट मार्ग यांची होती. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी उघड्या माशीचीच होती. कारणे व्यवहाराची होती. जुन्या दुर्बिणींच्या नळीत दमट हवा शिरे आणि आतून काचेवर धुके धरे. नायट्रोजन भरून बंद केलेल्या, धुके न धरणाऱ्या दुर्बिणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. फुलीसाठी कोळ्याचा तंतू किंवा बारीक तार वापरीत, ती धक्क्याने तुटे. शिवाय दुर्बिणीतून दिसणारा मुलूख अरुंद. जखमी जनावर अंगावर आले तर नळीतून त्याच्या केसांखेरीज काही दिसायचे नाही. पण केवळ एवढेच नव्हते. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची ख्याती नेमबाज म्हणून होती. उडवलेले नाणे टिपण्याच्या त्यांच्या कथा त्या काळी सर्वतोमुखी होत्या. नाणे दुर्बिणीतून टिपले असे सांगितले तर त्या कथेत उरते काय? दरबारी शिकारीत भिंग होते, पण ते बंदुकीवर नव्हते. ते होते निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यात. मेलेल्या वाघामागे उभ्या असलेल्या मंडळींची ती छायाचित्रे पाहिली म्हणजे कळते, की या शिकारीत खरा नेम प्रतिष्ठेवर धरलेला असे.

तेव्हा दुर्बिणीने माळावरची हरणे संपवली असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. अंतर संपवले ते मोटारीने आणि प्रखर दिव्याने. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, ते रात्री, मोटारीच्या दिव्यांच्या झोतात. हे हिंदुस्थानातले शेवटचे ज्ञात चित्ते मानले जातात, आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सर्वत्र मिळू लागल्या. काळवीट आणि माळढोक हे दोन्ही उघड्यावर राहणारे, दिव्याने दिपणारे. जीपमधून बारा बोअरच्या बंदुकीने त्यांचा जो संहार झाला, त्याला ना शिस्त लागत होती ना दुर्बीण. आणि उरलेले काम नांगराने केले. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. पाणी आले, ऊस आला, माळ फुटला. यात कुणाला दोष देता येत नाही, पाण्यासाठी या मुलखाने काय सोसले हे आम्ही जाणतो. पण गवत गेले की गवतावरचे जग जाते हेही खरे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य (१९८०) आणि पाटोदा तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य ही या उरल्यासुरल्या जगाची ठिकाणे. माळढोकाच्या नावाने सोलापूर-नगरच्या माळांवर अभयारण्य झाले ते १९७९ साली. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते.

या हिशेबात पारध्यांच्या वाट्याला काय आले हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या याद्या तयार झाल्या, त्यांत पुढे पारध्यांची नावे गेली. ज्यांची शिकार अर्धा दिवस बैलाआड वाकून दोन हरणे धरण्याची, ते जन्मजात गुन्हेगार; आणि ज्यांनी मोटारीतून एका रात्रीत कळप लोळवले, ते शिकारी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, शिक्का गेला नाही. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही पारधी वस्तीवर हे विचारून पाहावे. मराठी साहित्यातही शिकारकथा आली ती बहुधा बंदूकवाल्याच्या बाजूने. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक बंदूक खाली ठेवून 'नागझिरा'त नुसता पाहत बसला, तेव्हा आपल्या गद्याला रानाची वेगळी नजर मिळाली. फासे टाकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले शिकारीचे पुस्तक मात्र आम्हांला अजून वाचायला मिळालेले नाही, आणि आमच्या मते मराठीतली ही मोठी उणीव आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आता शिकार हा छंद राहिलेला नाही, तो गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. होला असो की ससा, छऱ्याच्या बंदुकीने मारला तरी ती कायद्याने शिकारच. रानडुकरे पिके उद्ध्वस्त करतात हे दुःख चकलांब्यासारख्या गावांत खरे आणि रोजचे आहे. पण त्यासाठीही कायद्याच्या कलम ११ खाली अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी जी बंदूक गृहीत धरली आहे ती तोंडाने ठासायची, तर स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची. अशा बंदुकीचा छरा पसरतो. तिच्यावर दुर्बीण बसवणे म्हणजे खुरप्याला म्यान शिवणे. सारांश, आज या मुलखात शिकारीची दुर्बीण निवडण्याचा प्रश्न कायदेशीररीत्या उद्भवतच नाही.

बंदुका मात्र कमी नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. बाराशेहून अधिक परवाने दिलेले आहेत असे तेव्हा पुढे आले, आणि नंतर त्यांतले अनेक रद्द करण्यात आले. ही शस्त्रे बहुतांश कमरेला लावायची. लग्नाच्या वरातीत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत ती आकाशाकडे रोखलेली दिसतात. आकाशाला नेम लागत नाही. शिकारीच्या जुन्या छायाचित्रांतला प्रतिष्ठेवरचा नेम आता वाघाच्या कलेवराशिवायही साधू लागला आहे, एवढाच काय तो फरक. अशा जिल्ह्यात एखादा मुलगा रायफल घेऊन तिच्यावर काय बसवावे असे विचारतो, म्हणजे त्याला गोळी कुठे लागते याची फिकीर आहे. आम्हांला तो प्रश्न म्हणूनच मोलाचा वाटला.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर तोंडाच्या आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या छऱ्याच्या रायफलीला परवाना लागत नाही. तिच्यावर दुर्बीण घ्यायचीच झाली तर काय पाहावे? दुकानदार आकडे सांगतो: ३-९×४० म्हणजे तीनपट ते नऊपट मोठे दिसते आणि पुढच्या वस्तुभिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. ग्राहक पहिल्या आकड्यावर भुलतो. खरे पाहायचे ते दोहोंचा भागाकार. चाळीसला नऊने भागले की साडेचार मिलिमीटरांच्या आसपास उत्तर येते. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत एवढा जाड असतो. चौपट आणि बत्तीस मिलिमीटरांच्या साध्या दुर्बिणीत तोच झोत आठ मिलिमीटरांचा. झोत जाड असला की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळे पडत नाही, आणि नवशिक्याला तेच हवे असते. मोठ्या पटीत आणखी दोन गोष्टी मोठ्या होतात: हाताचा कंप आणि हवेचा. एप्रिलच्या दुपारी काळ्या रानावर उष्ण हवा थरथरते. बारा-सोळा पटींच्या दुर्बिणीतून पाहिले तर लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे हेलकावते. आपल्या भाषेने या गोष्टीला मृगजळ म्हटले, आणि मृग शब्दातून हरणाला त्यात कायमचे गोवून ठेवले. माळावर अधिक पट विकत घेणे म्हणजे बऱ्याचदा अधिक मृगजळ विकत घेणे.

पण छऱ्याच्या रायफलीची खरी कसोटी वेगळीच असते, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेल्या दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एका पातळीवर येतात ते सुमारे शंभर यार्डांवर. दहा मीटरवर ती दोन्ही वेगवेगळ्या पातळ्यांवर राहतात. डोळा जरा सरकला की फुली लक्ष्यावरून काही मिलिमीटर सरकलेली दिसते. म्हणजे जी अडचण दूर करण्यासाठी दुर्बीण जन्मली, तीच मागच्या दाराने परत येते. म्हणून जवळच्या अंतरावर जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी लागते. दुसरे म्हणजे स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का. काडतुसाची रायफल फक्त मागे ढकलते. स्प्रिंगची आधी मागे आणि लगेच पुढे. मोठ्या काडतुसाचे धक्के वर्षानुवर्षे सोसणारी दुर्बीण या दुहेरी हिसक्याने सैल होऊन बिघडू शकते. बसवणीच्या कड्यांना घसरू न देणारा अडसर आहे की नाही, हे भिंगाच्या आधी तपासावे.

एवढे सगळे सांगून आम्ही त्याला सुचवले ते मात्र वेगळेच: दुर्बीण घेऊच नकोस. याला पुन्हा इतिहासच कारण आहे, पण अलीकडचा आणि आपल्या घरचा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. नेमबाज मागच्या चकतीतल्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्याकडे पाहतो आणि कड्यात लक्ष्याचा काळा गोल धरतो. छिद्रातून पाहिले की जवळचे आणि लांबचे पुष्कळसे एकदम रेखीव दिसते. भिंगाने जे काम पैसे खर्चून केले ते सुईच्या भोकाएवढी जागा फुकट करते. वर्तुळात वर्तुळ मध्यभागी आणण्याची डोळ्याला उपजत सवय असते, तिचा उपयोग होतो तो वेगळाच. दहा मीटरवरच्या एअर रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो नेम धरताना दिसतही नाही. दिसतो फक्त काळा गोल. न दिसणाऱ्या ठिपक्यावर गोळी लावायची ती बाकी सगळे नीट जुळवून.

महाराष्ट्राने या उघड्या छिद्रातून जे पाहिले ते कमी नाही. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी एअर रायफल घराघरांत पोहोचवली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत दहा मीटर एअर रायफलीचे विश्वविजेतेपद मिळवले. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिसरा आला. प्रकार पन्नास मीटर, तीन पवित्र्यांचा: गुडघ्यावर, झोपून, उभे. तिथे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. अंतिम फेरीत त्याचे गुण झाले ४५१.४, आणि या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला होता. कांबळवाडी चकलांब्याहून फार मोठे गाव आहे असे समजण्याचे कारण नाही.

छिद्राची ही चकती आणि पुढचे कडे छऱ्याच्या बऱ्याच रायफलींवर बसते. नळीवर त्यासाठी खाचेची पट्टी आहे का एवढे पाहावे लागते. जागा लागते ती दहा मीटरची, म्हणजे शाळेच्या एखाद्या पडवीएवढी. पलीकडच्या टोकाला भरीव भिंत, तिच्यापुढे लोखंडी पत्रा लावलेली आणि जुन्या कापडाने भरलेली पेटी, पेटीवर कागद. पडवीला मधून दार असू नये, आणि असलेच तर ते आधी कुलूपबंद करावे. नेम मारणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा, कारण छरा पत्र्यावरून उलटून येतो. आणि छरे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.